खाटेवरची पोती

माझ्या मोठ्या मायच्या घरात साप मारायची बंदी होती. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, मनकर्णाबाई. दिघोरीत तलावाच्या पाळीखाली आमची दोन घरं, मधे एक कुडाची भिंत आणि मागे दोघांची मिळून एकच सांदवाडी. सांदवाडीला शहरातले लोक परसबाग म्हणतील, पण बाग म्हणावी असं तिथे काही नव्हतं. वालाचा मांडव, दोडक्याचे वेल, वांग्याची चार झाडं, सरपणाचा ढीग, तणसीचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, पुंजणं, आणि कोपऱ्यात बोरीखाली छातीएवढ्या उंचीचं वारूळ.

ते वारूळ हा मोठ्या मायचा देव. देव देवळात असलेला बरा, घरामागे असला की रोज उठून त्याचं ऐकावं लागतं. तिची पहिली दोन मुलं जन्मली आणि बाळंतिणीच्या खोलीतूनच गेली. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा ती वारुळापुढे पदर पसरून बसली. हे लेकरू जगव, तुझ्या जिवाला या घरात कोणी धक्का लावणार नाही. मुलगा जगला. त्याचं नाव ठेवलं नागो. तेव्हापासून सांदवाडीत कुदळ लागली नाही, बीळ बुजलं नाही, आणि साप निघाला तर काठी न उगारता हात जोडून बाजूला व्हायचं अशी रीत पडली. त्यात आणखी एक होतं. पावसाळ्याचे चार महिने मोठी माय खाटेवर झोपत नसे. नाग भुईवर, तर आपणही भुईवर, असा तिचा हिशोब.

पुरुषांना मात्र हा नवस लागू नव्हता. तिचे मालक, आमचे सोमाजी मोठेबाबा, जिवंत होते तोवर ओसरीत खाटेवर घोरत असत. ते छातीच्या दुखण्याने गेल्यावर त्या खाटेवर नागो झोपू लागला. ज्याच्या जिवासाठी नवस केला तो खाटेवर, आणि भुई आली बायकांच्या वाट्याला. मला हे लहानपणीही पटत नसे, पण मला विचारतो कोण?

मोठी माय भोळी होती, बावळट नव्हती. सापांच्या घरात कसं राहावं हे तिला नेमकं कळे. सरपण काढायच्या आधी ती ढिगावर बांबूने ठोके द्यायची आणि जरा थांबायची. वेलाखाली हात घालायच्या आधी काठी फिरवायची. दिवेलागण झाली की सापाचं नाव घेऊ द्यायची नाही, लांबडं म्हणायचं. साप चावला असंही म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. एकदा खुराड्याशी नाग फडा काढून उभा होता आणि आम्ही पोरं भिंतीला चिकटलो होतो. ती पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "बाजूले हो बाबा, लेकराईले जाऊ दे." नाग खरंच खाली बसला आणि निघून गेला. पंचमीला त्याच्या वाटीत निरसं दूध असायचं आणि आम्हाला कोरा चहा मिळायचा. वाटी मांजर चाटून जाई हे सगळ्यांना दिसत होतं, पण बोलत कोणी नव्हतं.

माझी आई निर्मलाबाई भंडाऱ्याची, पितळी भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी. तिला हे सगळं बघून कापरं भरायचं. साप देवासाठी येत नाही, उंदरासाठी येतो, असं तिचं रोखठोक मत होतं. आमच्या बाजूच्या कुडातली सगळी बिळं तिने फुटक्या बांगड्यांच्या काचा आणि चिखल कोंबून बुजवली आणि वरून सारवून टाकलं. आमच्याकडचे उंदीर गेले. गेले म्हणजे कुडाखालून मोठ्या मायकडे गेले. हे आईला पुढे कळलं असणारच, पण त्यावर आमच्या घरात कधी कोणी बोललं नाही.

या घरात शहात्तरच्या उन्हाळ्यात तुळसा सून होऊन आली. एकोडीच्या टिकारामची एकुलती एक मुलगी, बारीक अंगाची, हसली की तोंडावर हात धरणारी. तिला सापाचं विलक्षण भय. लहानपणी तिच्या डोळ्यांसमोर त्यांचा बैल परड चावून, म्हणजे घोणस चावून, गोठ्यात पडला होता. तेव्हापासून ती भुईवर झोपत नसे. लोक आंदणात भांडी देतात, टिकारामने म्हणून भांड्यांबरोबर खाटही दिली. सागाची, नवारीची, आणि सुताराला सांगून मुद्दाम उंच पाय करवून घेतलेली. बैलबंडीवरून ती खाट उतरली तेव्हा गाव हसलं. "एवढ्या उच्च्या खाटेवर चढाले शिडी बी देली का गा?" असं आमच्या वडिलांनी टिकारामला विचारलं होतं. वडिलांचं नाव भैयाजी, आणि त्यांना थट्टेचा फार सोस. टिकाराम काही रागावला नाही. "पोरीले भेव लागते जी," एवढंच म्हणाला.

खाट वापरात येण्याआधीच, पहिल्या पावसाळ्यासाठी तुळसा रीतीप्रमाणे माहेरी गेली. दिवाळीनंतर परत आली आणि धान घरात आलं. त्या वर्षी पीक चांगलं होतं. धान साठवायची ढोली भरली, उरलेली पोती ठेवायची कुठे? भुईवर ठेवली तर ओल लागणार, उंदीर फोडणार. उंच पायांची खाट समोर दिसत होती. आतल्या खोलीत भिंतीकडेला ती लावून पोती तिच्यावर रचली. कोणी दुष्टपणाने केलं नाही हे. शेतकऱ्याच्या घरात धान आधी वर ठेवतात, मग माणसांचं बघतात. तुळसा आणि नागो हिवाळाभर चटईवर झोपले. हिवाळ्यात साप कुठे असतात?

सत्त्याहत्तरचा पावसाळा लागला तेव्हा तिला दिवस गेलेले होते. रीतीने ती आत सासूजवळ झोपू लागली आणि नागो ओसरीत. मोठी माय भुईवर, म्हणून तुळसाही भुईवर. सासू खाली आणि सून वर, असं आमच्याकडे होत नाही. कायदा नाही, कोणी मारत नाही, पण होत नाही.

एका संध्याकाळी आई आणि मोठी माय ओसरीत कोचईची, म्हणजे अळूची, पानं साफ करत बसल्या होत्या. मीही होते. तुळसा आतून आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"आत्याबाई, मी खाटेवर निजू का?"

मोठ्या मायने मान वर केली नाही. "काहून?"

"सरपनाजवळ काल मले काळं कायतरी दिसलं. पांढरे पट्टे होते त्याच्यावर."

"दिवा लागाची वेळ हाय. नाव घेऊ नोको."

"नाव नाही घेत मी. पन मले लय भेव लागते. झोपच नाही येत."

मोठ्या मायने एका पानाचा देठ मोडला, शिरा सोलल्या, पान बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "निज ना माय. मी काय नाही म्हनतो का? मी खाली निजतो, तू वर निज."

तुळसा आत गेली. आमच्या घरी आल्यावर आई भडकली. "तोंडानं हो म्हटलं, पन खाटेवरची पोती कोन उतरवन? त्या पोटुशीनं उतरवाची का?" वडील म्हणाले की दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नकोस. आईने खुपसलं नाही. नागोला कोणी सांगितलं नाही आणि तुळसा नवऱ्याला सांगणाऱ्यांतली नव्हती. पोती तिथेच राहिली.

पण मोठी माय सुनेची वैरीण होती असं कोणी समजू नये, मला राग येईल. सुनेच्या पायांना तेल चोळणारी सासू दिघोरीत दुसरी नव्हती. माशाचा मधला तुकडा तुळसाच्या ताटात असायचा. रात्री ती तुळसाचं अंथरूण भिंतीकडे घालायची आणि स्वतः दाराकडे आडवी व्हायची, का तर काही आत आलंच तर आधी आपल्याला लागावं. तिच्या मनात धोका एकाच बाजूने येत होता, सांदवाडीच्या. आणि तिकडचा नाग तर आपलाच.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून टिकाराम मुलीला न्यायला आला. रोवणे, म्हणजे धानाची लावणी, चालू होते, घरात हात कमी होते, पण मोठ्या मायने रोवण्याचं कारण सांगितलं नाही. म्हणाली, "पंचमी तोंडावर आली जी. ज्याच्या नवसानं मले लेक भेटला, त्याच्या पाया पडून जाऊ द्या सुनेले. पंचमी झाली का मी सोता आनून घालतो." टिकारामने मुलीकडे पाहिलं. तुळसा खाली बघत होती. तो पाहुणचार घेऊन, भाकरीचं गाठोडं घेऊन एकटाच परत गेला.

पंचमी यायच्या आधीच ती सकाळ आली. तुळसा उठली ती पोट धरूनच. मोठ्या मायने सुईण गिरजाबाईला बोलावलं. गिरजाबाईने पोटावर हात फिरवला आणि सांगितलं, कळा नाहीत, बाळ हलतंय, वात धरला असेल. ओव्याचं पाणी केलं. तुळसाने घोट घेतला तो ओठांच्या कडेने बाहेर आला. "गिळताच येत नाही," ती म्हणाली, आणि मग, "माहे डोळे उघडून नाही राहिले." मोठी माय तिला म्हणाली, झोप झाली नसेल, पड जराशी. आणि तिला पुन्हा त्याच अंथरुणावर पडायला लावणार होती.

तेवढ्यात आई आली. तिने तुळसाच्या पापण्या पाहिल्या. दोन्ही पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या आणि पोरगी त्या कपाळ चढवून उचलायला बघत होती. आई तडक आत गेली आणि भिंतीकडची गोधडी तिने एका टोकाने उचलली. घडीतून काळी, चकचकीत, पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार बाहेर आली. मण्यार रात्री झोपेत चावते, कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. दिवसाच्या उजेडात तिला घाई नव्हती. ती खाटेच्या पायाजवळून, पोत्यांखालच्या अंधारात शिरली. तिथेच तिचं बिऱ्हाड होतं. पोत्यांतल्या धानावर उंदीर, उंदरांवर ती. दाराकडून कोणी आलंच नव्हतं.

नागो काठी घेऊन धावत आला आणि थबकला. मी दारात होते, मला सगळं दिसत होतं. तो मोठ्या मायकडे बघत होता, आणि तिचे दोन्ही हात सवयीने जोडलेले होते. तिला स्वतःलाही ते कळलं नव्हतं. नागोने तिच्या हातांकडे पाहिलं. मग काठी टाकली आणि खाटेवरची पोती दोन्ही हातांनी ओढून खाली फेकायला लागला. एक पोतं फाटलं आणि धान खोलीभर सांडलं.

गाडीवाट चिखलाने बंद होती. माणूस दवाखान्यात न्यायचा तर खाट लागते. खाटेला बांबू बांधले आणि त्या उंच पायांच्या खाटेवर, आपल्या बापाने दिलेल्या खाटेवर, तुळसा त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा झोपली. चौघांनी खांदा दिला. कोणी मांत्रिकाचं नाव काढलं, पण नागो ऐकायला थांबलाच नाही. लाखांदूरच्या वाटेवर नाल्याला पूर होता. पाणी उतरायची वाट बघत ते काठावर उभे राहिले. तुळसाला आधी बोलता येईना, मग मान धरवेना. शुद्ध मात्र होती, असं बरोबर गेलेल्या वडिलांनी सांगितलं. नागोने हात धरला की ती बोटाने दाबायची. मग तिने दाबायचं थांबवलं. पोटातलं त्यानंतरही थोडा वेळ हलत होतं. हे वडिलांनी एकदाच सांगितलं.

खाट परत आली, अंगणात ठेवली. आमच्याकडे माणूस खाटेवर गेलेला चालत नाही. शेवटची घरघर लागली की त्याला भुईवर घेतात, नाहीतर जीव अडकतो म्हणतात. म्हाताऱ्या बायका पुढे झाल्या. "खाली घ्या वं तिले, खाली घ्या."

मोठी माय खाटेला आडवी झाली. तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "खबरदार कोनी खाली घेतलं तर! खाली नाही ठेवाची तिले. तिले भेव लागते."

कोणाची छाती झाली नाही. टिकाराम चिखलातून कमरेपर्यंत माखून आला तेव्हा मुलगी खाटेवरच होती. त्याने खाटेचा पाय धरला आणि खालपासून वरपर्यंत त्या पायावरून हात फिरवत राहिला, सुतारकाम तपासावं तसा. मग नागोला विचारलं, "खाटेवर होती का माही पोरगी? खाटेवर निजूनबी पान लागलं का तिले?"

मोठ्या मायने तोंड उघडलं, ती सांगणारच होती, मला खात्री आहे. पण नागो आधी बोलला. "हाव मामाजी. खाटेवरच होती."

टिकारामने मान हलवली. "मंग माह्याकडूनच कमी पडली. आखीन उच्ची कराले पाह्यजे होती," तो म्हणाला. असं समजूनच तो एकोडीला परत गेला आणि असं समजूनच पुढे मेला.

ते खोटं म्हणजे नागोने स्वतःच्या आईवर केलेला शेवटचा उपकार. तेराव्यानंतर त्याने कुदळ घेतली आणि वारूळ फोडलं. मोठी माय मागच्या दारात उभी राहून बघत होती, अडवलं नाही. आत वाळवी निघाली, माती निघाली, खोल गेलेली भोकं निघाली. ना साप, ना कात, ना अंड्याचं टरफल. कित्येक वर्षांत तिथे कोणी राहत नव्हतं. एवढी वर्षं ती रिकाम्या मातीचे पाय धरत होती. वारूळ मोडलं की नागोच्या जिवाला धोका, असं ती जन्मभर मानत आली होती. त्यामुळे पुढचे महिने ती त्याच्या ताटाकडे, त्याच्या पायांकडे, त्याच्या अंथरुणाकडे डोळे लावून असायची. नागोला काही झालं नाही. साधा तापसुद्धा आला नाही. मला वाटतं, तिला सगळ्यांत जड हेच गेलं. रागवायला का होईना, देव तरी असायला हवा होता.

नागो भंडाऱ्याला गेला, माझ्या मामांनी त्याला पितळी भांड्यांच्या कामावर लावून दिलं. दिवाळीला यायचा, ओसरीत बसायचा, पाणी आमच्या घरी येऊन प्यायचा. मोठ्या मायशी भांडला असता तर बरं झालं असतं. पण तो तिच्याशी वाईट बोललाच नाही, बोललाच नाही मुळी.

आणि मोठी माय भुईवर झोपत राहिली. आता पावसाळा नाही, उन्हाळा नाही, बारा महिने. दाराकडेही नाही, भिंतीकडे, तुळसाच्या जागेवर. खाट नाल्यावरून आली तशी भिंतीला उभी होती. एकदा वडील न राहवून म्हणाले, "वहिनी, आता काहून खाली निजता? नवस तर केव्हाच फिटला."

"नवस नाही भाऊजी. वाट पाहून राहिली मी."

एकदा पहाटे तिने आईला कुडापलीकडून हाक मारली. आई धावत गेली तर ही अंथरुणावर बसलेली, शांत. म्हणाली, "आली होती वं निर्मला. माह्या पायावरून गेली. गार लागली. मी हाललीच नाही. पन गेली निंघून. मले नाही घेतलं." आणि मग लहान पोरीसारखी रडली. आई तिच्याशेजारी त्या भुईवर बसून राहिली. साप म्हटलं की कापरं भरणारी माझी आई, पण त्या दिवशी ती पाय वर घेऊन बसली नाही.

शहाऐंशीच्या श्रावणात मोठी माय गेली. सापाने नाही, अंगावर सूज चढून, हळूहळू. माझं लग्न झालेलं होतं, मी माहेरी आले होते म्हणून जवळ होते. शेवटी शेवटी ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि हात अंथरुणाबाहेर, उघडा ठेवायची. आई तो आत घ्यायची, ती पुन्हा बाहेर काढायची.

नागोला निरोप गेला होता, पण एसटी उशिरा आली. तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात चप्पल काढून तो उभा राहिला. नऊ वर्षांत स्वतःच्या आईबद्दल त्याने विचारलेली ती पहिलीच गोष्ट. त्याने माझ्या आईला विचारलं, "काकू, जीव जाताना खाली घेतलं होतं ना तिले?"

आईने भिंतीला उभ्या असलेल्या खाटेकडे पाहिलं. "ती खालीच होती, बाबू," ती म्हणाली.

नागो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि त्याने तोंड ओंजळीत घेतलं.